पथ्याची पावती

जानेवारी आला की नोकरदार माणसाच्या मेलबॉक्समध्ये एक मेल हमखास येऊन पडतो. 'इन्व्हेस्टमेंट प्रूफ अमुक तारखेच्या आत सबमिट करा, नाहीतर टॅक्स कापला जाईल.' मग सगळ्या मजल्यावर एकच धावपळ. भाडेपावत्या, विम्याचे हप्ते, होमलोनचं सर्टिफिकेट, आईवडिलांच्या मेडिक्लेमची पावती... स्कॅन करा, अपलोड करा, 'फाइल साइज टू लार्ज' म्हणून शिव्या द्या, पुन्हा अपलोड करा.

मला मात्र तो फॉर्म वाचायला आवडतो. (हो, आहेत अशी माणसं जगात.) कारण तो फॉर्म म्हणजे चक्क इतिहासाचं पुस्तक आहे. त्यातल्या प्रत्येक रकान्यामागे कोणाची तरी जुनी अडचण आहे. कोणीतरी कधीतरी सरकारकडे गाऱ्हाणं मांडलं, कोणीतरी ते ऐकलं, आणि कायद्यात एक कलम वाढलं. आणि जे रकाने त्या फॉर्मवर नाहीत, त्यांचाही एक इतिहास असतोच. आजचा विषय अशाच एका नसलेल्या रकान्याचा. पथ्याच्या खाण्याचा.

विषय डोक्यात शिरला तो आमच्या डोंबिवलीच्या सोसायटीतल्या एका वहिनींमुळे. त्यांच्या मुलाला सिलिअ‍ॅक आहे. म्हणजे गहू, जव, राय यांतल्या ग्लुटेनमुळे त्याचं स्वतःचंच शरीर त्याच्या आतड्यावर उलटतं. यावर गोळी नाही, इंजेक्शन नाही. उपचार एकच, आयुष्यभर ग्लुटेन बंद. वहिनींनी मला सरळ विचारलं, "तू टॅक्सचं वाचत असतोस ना? डॉक्टर म्हणतात, याचं जेवण हेच याचं औषध. मग औषधाचं बिल चालतं तसं या जेवणाचं बिल का नाही चालत?"

प्रश्न एका ओळीचा. उत्तर शोधायला गेलो तर लंडन, बर्मिंगहॅम, वॉशिंग्टन करत परत ठाण्याच्या सिव्हिल हॉस्पिटलपर्यंत यावं लागलं. तेव्हा चहा घेऊन बसा, लेख जरा लांबणार आहे.

सुरुवातीपासून सुरुवात करू. भारतात आयकर आणला तो जेम्स विल्सन या स्कॉटिश गृहस्थाने, १८६० मध्ये. 'द इकॉनॉमिस्ट' हे साप्ताहिक काढणारा हाच तो. १८५७ च्या उठावानंतर सरकारी तिजोरीला मोठं भोक पडलेलं, ते बुजवायला हा कर आला. विल्सनसाहेब त्याच वर्षी ऑगस्टमध्ये कलकत्त्यात वारले, पण कर मागे ठेवून गेले. पाच वर्षांनी तो बंद झाला, मग वेगवेगळ्या रूपांत येत जात राहिला, आणि १८८६ च्या कायद्याने कायमचा मुक्कामाला आला. योगायोग बघा, हेच ते वर्ष ज्या वर्षी कल्याणच्या माहेरवाशीण आनंदीबाई जोशी फिलाडेल्फियात डॉक्टर झाल्या. एकाच वर्षी आपल्या भागाच्या लेकीला डॉक्टरची पदवी मिळाली आणि देशाला आयकर. पण या दोन गोष्टींची एकमेकींशी गाठ पडायला अजून शंभर वर्षं जायची होती!

कारण सुरुवातीच्या या कायद्यांमध्ये आजारपण नावाची गोष्टच नव्हती. १९२२ च्या आयकर कायद्यात आयुर्विम्याच्या हप्त्यावर सूट होती. म्हणजे तुम्ही मेल्यानंतरची सोय केलीत तर सरकार खूश, पण जिवंत राहण्यासाठी केलेला खर्च तुमचा तुम्ही बघा. हा नुसता कंजूषपणा नव्हता हं, त्यामागे एक विचार होता. तो सगळ्यात स्वच्छ शब्दांत मांडला गेला इंग्लंडमध्ये, १९४५ साली, नॉर्मन विरुद्ध गोल्डर या खटल्यात.

नॉर्मन हे लघुलेखक. त्यांचं म्हणणं, कामाच्या जागेची परिस्थिती वाईट, त्यामुळेच मी आजारी पडलो, तेव्हा डॉक्टरचं बिल हा माझ्या धंद्याचा खर्च धरा. वरच्या कोर्टात न्यायमूर्ती लॉर्ड ग्रीन यांनी ते साफ नाकारलं. त्यांच्या म्हणण्याचा मथितार्थ असा, की बरं झाल्याशिवाय काम करता येत नाही हे कबूल. पण तसं तर जेवल्याशिवायही काम करता येत नाही आणि कपडे घातल्याशिवायही नाही. हे खर्च माणूस निव्वळ धंद्यासाठी करत नाही, जिवंत माणूस म्हणून स्वतःसाठीही करतो. म्हणून वजावट नाही.

इथे जरा थांबा, कारण वहिनींच्या प्रश्नाची मेख इथेच आहे. डॉक्टरचं बिल का नाही चालत हे समजावायला न्यायमूर्तींनी उदाहरण कशाचं दिलं? जेवणाचं! म्हणजे 'ज्याला सूट मिळणं अशक्य' अशा खर्चाचा आदर्श नमुना म्हणजे जेवण. ते सगळेच करतात, मग त्यात विशेष काय?

आपल्याकडेही हा वाद झाला, आणि तोही मजेदार. ज्येष्ठ वकील आणि माजी कायदामंत्री शांती भूषण यांनी अमेरिकेत बायपास करून घेतली होती. तो खर्च त्यांनी व्यवसायाचा खर्च म्हणून दाखवला. युक्तिवाद असा, की वकिलाचं हृदय हे त्याचं 'प्लान्ट', म्हणजे यंत्रसामग्रीच, आणि ऑपरेशन म्हणजे तिची दुरुस्ती. खटला १९८३-८४ च्या आकारणीवरून, निकाल दिल्ली हायकोर्टाचा, २०११ साली. कोर्ट म्हणालं, हृदय सगळ्यांनाच असतं, वकिली न करणाऱ्यालाही. दावा फेटाळला. आमच्या ऑफिसात हे सांगितलं तेव्हा एक जण म्हणाला, मग माझी मान आणि मनगटं कंपनीची हार्डवेअर का नाहीत? असो.

मग आजारपणाचा खर्च करात धरायचा हा विचार आला कुठून? याचं एक मोठं पाऊल पडलं अमेरिकेत, १९४२ साली. दुसरं महायुद्ध चालू, कराचे दर वाढलेले, आणि आजवर कधी आयकर न भरलेला सामान्य पगारदार पहिल्यांदा त्या जाळ्यात आलेला. तेव्हा तिथल्या संसदेने म्हटलं, ठीक आहे, पण उत्पन्नाच्या ५ टक्क्यांच्या वर जर कोणाचा औषधोपचाराचा खर्च गेला तर तेवढा वजा करू. मागचं तर्कशास्त्र साधं आहे. कर हा भरण्याच्या ऐपतीवर असतो. दोघांचा पगार सारखा, पण एकाच्या घरात मोठं आजारपण, तर दोघांची ऐपत सारखी कशी? लॉर्ड ग्रीन विचारत होते, 'हा खर्च धंद्याचा का?' अमेरिकेने प्रश्नच बदलला, 'हा खर्च केल्यावर माणसाकडे उरतं किती?'

प्रश्न बदलला तशी जेवणाची वाटही जराशी मोकळी झाली. पण जराशीच. १९५५ मध्ये तिथल्या कर खात्याने नियम सांगितला, की खास आहार केवळ आजाराच्या उपचारासाठी असेल, डॉक्टरने तसं लेखी दिलं असेल, आणि तो नेहमीच्या जेवणाच्या जागी नसून नेहमीच्या जेवणाशिवाय वेगळा असेल, तरच तो औषधोपचार. आता हे 'जागी' आणि 'शिवाय' प्रकरण म्हणजे गंमतच. कारण पथ्य असतंच मुळी नेहमीच्या जेवणाच्या जागी! गव्हाच्या जागी ज्वारी, मिठाच्या जागी काहीच नाही.

तो तिढा कोर्टांनी हळूहळू सोडवला. १९६२ मध्ये कोन नावाच्या करदात्याचा खटला आला. डॉक्टरने मीठ बंद केलेलं, आणि बिनमिठाचं वेगळं शिजवून द्यायला हॉटेलवाले जादा पैसे घेत. टॅक्स कोर्ट म्हणालं, जेवणाचे पैसे तुमचे, पण ते जे जादा द्यावे लागले ते औषधोपचाराचे. १९६६ मध्ये एका मधुमेही माणसाला मात्र कोर्टाने नाही म्हटलं. मग १९७६ मध्ये रँडॉल्फ दांपत्याच्या खटल्यात, अ‍ॅलर्जीमुळे घ्याव्या लागणाऱ्या रसायनविरहित अन्नाचा साध्या अन्नापेक्षा जो जादा खर्च, तो मान्य झाला. 'पूर्ण जेवण' आणि 'शून्य' यांच्या मधला रस्ता सापडला होता, दोन्हीतला फरक. प्रोग्रॅमरच्या भाषेत सांगायचं तर त्यांनी 'डिफ' काढला!

कॅनडाने २००३ पासून हेच सिलिअ‍ॅकसाठी थेट नियमात घातलं. साधा पाव आणि ग्लुटेन-फ्री पाव यांच्या किमतीतला फरक वैद्यकीय खर्चात धरता येतो, अर्थात डॉक्टरचं पत्र आणि वर्षभराच्या पावत्या असतील तर. ब्रिटनने करसवलतीच्या भानगडीत न पडता १९६० च्या दशकात ग्लुटेन-फ्री पाव सरळ सरकारी आरोग्यसेवेच्या चिठ्ठीवर द्यायला सुरुवात केली (अलीकडे इंग्लंडमध्ये ती यादी बरीच आखडली आहे).

गव्हाचा आणि सिलिअ‍ॅकचा संबंध पक्का लागला तोही फार जुना नाही. विलेम डिके नावाचे डच बालरोगतज्ज्ञ महायुद्धाच्या आधीपासून या मुलांना गव्हाशिवाय ठेवून बघत होते. १९४४-४५ च्या हिवाळ्यात हॉलंडमध्ये भीषण उपासमार झाली, पावाचा तुकडा मिळेना. तेव्हा ही आजारी मुलं बरी राहिली आणि पाव पुन्हा आल्यावर परत बिघडली, ही गोष्ट त्यांच्याविषयी नेहमी सांगितली जाते. १९५० मध्ये त्यांचा प्रबंध आला. म्हणजे 'जेवण हेच औषध' हे वाक्य आपल्या आजीने म्हटलं की आपण हसतो, पण इथे ते अक्षरशः खरं आहे.

याहून टोकाचं उदाहरण म्हणजे फेनिलकीटोन्युरिया. नाव भयंकर आहे, पुढे पीकेयू म्हणू. जन्मजात आजार. प्रथिनांमधला एक घटक या बाळांना पचवता येत नाही, तो रक्तात साठतो आणि मेंदूवर परिणाम करतो. नॉर्वेच्या फोलिंग यांनी १९३४ मध्ये तो ओळखला, पण उपाय नव्हता. बर्मिंगहॅमच्या मुलांच्या हॉस्पिटलात हॉर्स्ट बिकेल या तरुण डॉक्टरच्या मागे एक आई लागली. ती रोज सकाळी प्रयोगशाळेबाहेर उभी, 'माझ्या मुलीसाठी काहीतरी शोधा'. शेवटी बिकेल आणि सहकाऱ्यांनी दुधातल्या प्रथिनाचं मिश्रण कोळशातून गाळून तो नकोसा घटक काढून टाकला आणि त्याचं खाणं बनवलं. १९५३ मध्ये निष्कर्ष छापले. नंतर कळलं, की हे खाणं जन्मल्यापासून दिलं तर बाळ जवळजवळ इतर मुलांसारखंच वाढतं.

आता प्रश्न, ही पावडर औषध की अन्न? अमेरिकेत लोफेनालॅक नावाने ती बाजारात आली, तेव्हा कायद्याच्या लेखी ती औषध होती. १९७२ मध्ये तिथल्या औषध प्रशासनाने ती औषधांच्या यादीतून काढून खास आहाराच्या यादीत टाकली. हेतू चांगला होता, औषधाचे कडक नियम नसले की अशी उत्पादनं जास्त आणि लवकर येतील. पण डबा तोच, पावडर तीच, बाळही तेच, फक्त लेबल बदललं. आणि 'हे अन्न आहे, औषध नाही' म्हणायला विमा कंपन्यांना कारण मिळालं. १९८८ मध्ये कायद्यात 'मेडिकल फूड' अशी मधली व्याख्या आली, पण पैसे कोणी द्यायचे हा झगडा काही मिटला नाही.

आता परत आपल्याकडे. स्वतंत्र भारताचा आयकर कायदा १९६१ चा. आरोग्यविम्याच्या हप्त्यावरची सूट, आपलं सगळ्यांचं लाडकं ८०डी, आली १९८६ च्या वित्त कायद्याने. त्याच वर्षी मेडिक्लेम पॉलिसी बाजारात आली, हा काही योगायोग नव्हे. नव्वदच्या दशकाच्या उत्तरार्धात ८०डीडीबी आलं, ठरावीक गंभीर आजारांच्या उपचारासाठी. पुढे त्याची मर्यादा ४०,००० रुपये झाली, आणि २०१८ च्या बजेटपासून ज्येष्ठ नागरिकांसाठी १ लाख.

हे 'ठरावीक' म्हणजे काय? तर नियम ११डीडी मध्ये एक यादी आहे. कॅन्सर, पूर्ण विकसित एड्स, मूत्रपिंड कायमचं निकामी होणं, हिमोफिलिया, थॅलेसेमिया आणि पार्किन्सन्स, डिमेन्शियासारखे काही मेंदूचे आजार. यातला थॅलेसेमिया कल्याण पट्ट्यात राहणाऱ्याला नवा नाही. शेजारचं उल्हासनगर फाळणीनंतर आलेल्या सिंधी निर्वासितांच्या कॅम्पातून उभं राहिलं, आणि सिंधी समाजात या आजाराचे वाहक जास्त आढळतात. तो यादीत आहे हे उत्तमच. पण यादीत सिलिअ‍ॅक नाही, मधुमेह नाही, पीकेयू नाही. अमेरिकेने विचारलं, 'खर्च किती झाला?' आपण विचारलं, 'आजाराचं नाव काय?' नाव यादीत नसेल तर खर्च कितीही होवो, फाइल बंद.

आणि नाव यादीत असलं तरी गंमत आहेच. कलमाचे शब्द आहेत 'वैद्यकीय उपचारासाठी प्रत्यक्ष दिलेली रक्कम'. अन्नाचा उल्लेख नाही, ना हो म्हणायला ना नाही म्हणायला. डायलिसिसवरच्या माणसाच्या घरी जाऊन बघा. पालेभाजी उकळून पाणी फेकून द्यायचं, बटाटा कापून भिजत घालायचा, मीठ मोजून, पाणी मोजून, फळं मोजून. नेफ्रॉलॉजिस्ट औषधांइतकाच वेळ यावर बोलतात. पण वजावटीत जातं ते डायलिसिसचं बिल. पथ्याची पावतीच नसते, असली तरी ती किराणा दुकानाची.

कागद मिळवणं हाही एक इतिहास आहे. २०१५ पर्यंत ८०डीडीबीसाठी सरकारी हॉस्पिटलातल्या तज्ज्ञाचं सर्टिफिकेट लागायचं. डोंबिवलीचा पेशंट, उपचार घराजवळच्या खासगी डॉक्टरकडे, आणि सर्टिफिकेटसाठी सरकारी नेफ्रॉलॉजिस्ट शोधत परळ, सायन, भायखळा करायचं! लोकांना होणारा हा त्रास २०१५ च्या बजेटमध्ये सरकारने स्वतःच मान्य केला आणि नियम बदलून पात्र तज्ज्ञाची चिठ्ठी चालेल असं ठरवलं.

तिकडे नोकरदारांना आणखी एक खिडकी होती. १५,००० रुपयांपर्यंतची मेडिकल बिलं कंपनीकडून भरून घेतली तर त्यावर कर नाही. ऑफिसातले सिनियर या बिलांच्या गोष्टी रंगवून सांगतात. तिथे सगळी किंमत कागदाला. बिल केमिस्टचं असलं तर डॉक्टरने सांगितलेली प्रोटीन पावडर निदान वाद घालण्याजोगी तरी, आणि वाण्याचं असलं तर नाचणीचं पीठ थेट बाद. २०१८ च्या बजेटने ती खिडकीच बंद केली. १५,००० ची मेडिकल आणि १९,२०० ची प्रवासभत्त्याची सूट काढून त्याऐवजी सरसकट ४०,००० चं स्टँडर्ड डिडक्शन दिलं. बहुतेकांना सुटल्यासारखं वाटलं. पथ्यवाल्यांच्या हातून एक धूसर का होईना, पण शक्यता गेली.

राहिलं ८०डीडी, अवलंबून असलेल्या अपंग नातेवाईकासाठी. ते मला सगळ्यात शहाणं कलम वाटतं, कारण ते पावत्या मागतच नाही. ४० टक्के किंवा जास्त अपंगत्वाचं सर्टिफिकेट असेल तर ७५,०००, आणि ८० टक्क्यांच्या पुढे १,२५,००० ची ठोक वजावट. त्या पैशात औषध आणलं की खास आहार, सरकार विचारत नाही.

पण इथेच एक गोष्ट अशी आहे की वाचताना मी लॅपटॉप बंद करून गॅलरीत जाऊन उभा राहिलो. पीकेयूचं बाळ घ्या. आईवडिलांनी पदरमोड करून ती महागडी पावडर आणली, वर्षानुवर्षं पथ्य काटेकोर पाळलं, तर मूल नीट वाढतं. मग अपंगत्व नाही, म्हणून ८०डीडी नाही. आजार ११डीडीच्या यादीत नाही, म्हणून ८०डीडीबी नाही. वजावट शून्य. आणि पथ्य परवडलं नाही, मेंदूवर परिणाम झाला, तर सर्टिफिकेट मिळतं आणि वजावटही मिळते. म्हणजे कायदा पथ्य मोडल्याची भरपाई देतो, पथ्य पाळल्याची नाही. कोणी दुष्टपणे असं लिहिलं नाही हे मलाही कळतं. दोन वेगवेगळ्या वर्षी दोन वेगवेगळ्या माणसांनी लिहिलेल्या कोडमधून असे बग निघतात. पण बग तो बगच.

या अंधारात एक दिवा लागला, आणि तो आयकरात नाही तर कस्टम्समध्ये! २०२१ मध्ये दुर्मिळ आजारांचं राष्ट्रीय धोरण आलं. त्यात पीकेयूसारखे केवळ खास आहाराने आटोक्यात राहणारे आजार वेगळे काढून नावानिशी लिहिले गेले. त्याच वर्षी मुंबईतल्या एका तान्ह्या बाळासाठी कोट्यवधींचं इंजेक्शन परदेशातून आणायचं होतं आणि त्यावर करच जवळपास ६ कोटी होत होता. बातम्या झाल्या, पत्रं गेली, कर माफ झाला. पण प्रत्येक बाळासाठी बातमी कशी होणार? मग १ एप्रिल २०२३ पासून केंद्राने त्या धोरणातल्या सगळ्या आजारांसाठी स्वतःच्या वापराकरता आयात केलेली औषधं, आणि ही पुढची ओळ महत्त्वाची, 'विशेष वैद्यकीय उपयोगाचं अन्न' मूळ सीमाशुल्कातून पूर्ण मुक्त केलं. जुलै २०२३ मध्ये जीएसटी कौन्सिलने आयातीवरचा जीएसटीही माफ करायचं ठरवलं. कराच्या सरकारी कागदावर औषधाच्या शेजारी, त्याच ओळीत, अन्न येऊन बसलं.

अट काय? आरोग्य संचालक किंवा जिल्हा शल्यचिकित्सक यांचं सर्टिफिकेट. म्हणजे डोंबिवली-कल्याणच्या कुटुंबाने ठाण्याचं सिव्हिल, आपलं विठ्ठल सायन्ना जिल्हा रुग्णालय, गाठायचं. आणि दुर्मिळ आजारांसाठी नेमलेल्या केंद्रांपैकी एक आहे परळचं केईएम. स्लो लोकलने थेट.

हे सगळं वाचून मला एक पॅटर्न दिसला. अन्नाला सूट मिळाली ती तीनच वाटांनी. कोणीतरी फरक मोजून दाखवला (अमेरिका, कॅनडा), कोणीतरी यादीत नाव घातलं (दुर्मिळ आजार), किंवा कोणीतरी मोजण्याचा नाद सोडून ठोक रक्कम दिली (८०डीडी). 'जेवण तर सगळेच करतात' या एका वाक्यापुढे भावनेचा युक्तिवाद कुठेच टिकला नाही. मोजमाप टिकलं, यादी टिकली.

मग सिलिअ‍ॅकचा फरक आपल्याकडे मोजता येईल? इथे डोंबिवलीचं स्वयंपाकघर कॅनडाच्या सूत्राला गुंगारा देतं. ज्वारी, बाजरी, नाचणी, तांदूळ, वरई, यांत ग्लुटेन नसतंच. ज्वारी आणि गहू यांच्या भावातला फरक काढून हाती काय लागणार? खरा खर्च वेगळा आहे. नाक्यावरच्या गिरणीत गव्हावर ज्वारी दळली की संपलं, म्हणून घरघंटी घ्यायची. तवा वेगळा, पोळपाट वेगळा, डबे वेगळे. हिंगाच्या डबीत बहुधा गव्हाचं पीठ किंवा मैदा मिसळलेला असतो, म्हणून फोडणीचा हिंगसुद्धा शोधून आणायचा. पाकिटावर 'ग्लुटेन-फ्री' असेल तर एफएसएसएआयच्या नियमाने किलोमागे २० मिलिग्रॅमपेक्षा जास्त ग्लुटेन नसतं, पण ती पाकिटं महाग. आणि सगळ्यात मोठा खर्च म्हणजे आईचे रोजचे दोन तास. त्यांची पावती कोण देणार? म्हणून माझं मत असं, की आपल्यासाठी पावत्यांचा हिशेब नको, ८०डीडीसारखी ठोक वजावट हवी. निदान पक्कं झालं, तज्ज्ञाची चिठ्ठी आहे, एवढं पुरे.

पण वारा उलट्या दिशेने वाहतोय. २०२० च्या बजेटने नवी करप्रणाली आणली आणि २०२३-२४ पासून तीच डिफॉल्ट झाली. दर कमी, पण ८०डी, ८०डीडी, ८०डीडीबी काही नाही. २०२५ चा नवा आयकर कायदा १ एप्रिल २०२६ ही अंमलाची तारीख घेऊन आला, कलमांचे आकडे बदलले, पथ्याबद्दलचं मौन तेच. इंजिनियर म्हणून मला हे रिफॅक्टरिंग समजतं. जुने इफ-एल्स काढले की कोड सुटसुटीत होतो, आणि बहुतेकांचा कर खरोखरच कमी झाला. पण टेस्टिंग केलेल्या कोणालाही विचारा, काढून टाकलेल्या त्या इफमध्ये कोणती तरी एज केस बसलेली असते. इथे ती एज केस कोणाच्या तरी घरात भाकरी खातेय.

हे वाचणाऱ्यांपैकी कोणाच्या घरी असं पथ्य असेल तर माझ्या परीने चार गोष्टी. (मी सीए नाही, तेव्हा तुमच्या सीएला विचाराच.) आजार ११डीडीच्या यादीत असेल किंवा अपंगत्वाचं सर्टिफिकेट असेल तर डोळे मिटून नवी प्रणाली निवडू नका, दोन्हीकडे हिशेब करून बघा. धंद्याचं उत्पन्न नसलेल्या पगारदाराला हा पर्याय दरवर्षी बदलता येतो, फक्त रिटर्न मुदतीत भरायचं. वजावट म्हणजे परतावा नव्हे हेही लक्षात असू द्या. ४०,००० च्या वजावटीने २० टक्क्यांच्या टप्प्यात सेससकट ८,३२० रुपये वाचतात. आजार दुर्मिळ धोरणातला असेल तर बाहेरून काही मागवण्याआधी केईएम आणि सिव्हिल सर्जन. आणि चौथी, आहार लेखी घ्या. डॉक्टरच्या लेटरहेडवर, तारखेसकट. आज त्या कागदाला टॅक्समध्ये कदाचित काही किंमत नसेल. पण वर सांगितलेल्या खटल्यांत आणि नियमांत बघा, ज्यांना काही मिळालं त्यांच्याकडे डॉक्टरचा कागद होता.

१८६० पासून आजवर त्या फॉर्ममध्ये एकही रकाना आपोआप आलेला नाही. तेव्हा दरवर्षी बजेटच्या आधी सूचना मागवतात ना, तिथे दोन ओळी लिहून पाठवायला काय हरकत आहे? मी पाठवणार आहे. तूर्तास इतकंच.